नंबराच्या आधीच्या मालकीणबाई

मी नवा नंबर घेतला तो लोकांपासून लपायला. जुना नंबर झेरॉक्सच्या दुकानापासून क्लासच्या चौकशीच्या वहीपर्यंत सगळीकडे गेला होता आणि कुणीही उठून मला फ्लॅट विकायला फोन करायचं. नवा फक्त आठ जणांना दिला. आठवडाभर फोन अगदी शांत होता. मग मेसेज यायला लागले, आणि त्यातला एकही माझ्यासाठी नव्हता.

बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देते, हे मला माहीत होतं. खराडीला मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, त्यामुळे असल्या गोष्टी कानावर असतात. पण माहीत असणं वेगळं आणि ‘मॅडम, आपला चष्मा तयार आहे’ असा मेसेज येणं वेगळं. मला चष्मा नाही. नारायण पेठेतलं एक वाचनालय दर सोमवारी माझ्याकडे गवतांवरचं एक पुस्तक परत मागायचं. एका लॅबने रक्ततपासणीच्या रिपोर्टची लिंक पाठवली. ती मी उघडली नाही. उघडावीशी वाटली नाही, असं मात्र म्हणणार नाही. थोडा वेळ तिच्याकडे बघत बसले आणि मग मेसेज पुसून टाकला.

ऑफिसला जाताना बसमध्ये मी या मॅडमचा विचार करायचे. वय झालेलं असावं. हट्टी असाव्यात, कारण वाचनालयाला दाद देत नव्हत्या. आणि गवतावर अख्खं पुस्तक वाचण्यासारखं काय असतं? मी स्वतःबद्दल कुणाला काही कळू देत नाही, आणि कुणाचा तरी चष्मा तयार झालेला मात्र मला तिच्याआधी कळत होता. याची थोडी लाज वाटायची. पण सोमवारची वाटही बघायचे.

मग एका आठवड्यात तीनदा सहा आकडी कोड आला. ‘आपल्या ई-मेल खात्यात शिरण्यासाठीचा कोड. कुणालाही सांगू नका.’ मी जरा घाबरले. मॅडमचं खातं कुणीतरी फोडायला बघत होतं आणि त्याची किल्ली माझ्या फोनवर येऊन पडत होती.

शनिवारी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. मी सहसा उचलत नाही. त्या दिवशी उचलला.

“कोण बोलतंय?” पलीकडून एका बाईने विचारलं.

“आपल्याला कोण हवंय?”

“कुणी नको. हा नंबर माझा होता. मुलाने मला त्याच्या प्लॅनमध्ये घेतलं, नवा नंबर दिला, हा सुटला. तुझ्याकडे एक कोड आला असेल बघ, सहा आकडी. तेवढा सांग.”

आमच्या ऑफिसात दर तीन महिन्यांनी एक प्रशिक्षण असतं. त्यात खोटा फोन कसा ओळखायचा ते शिकवतात. गोड आवाज, खरी वाटणारी गोष्ट, शेवटी कोड. इथे आवाज गोड नव्हता, एवढंच.

“नाही सांगता येणार,” मी म्हणाले.

“अगं, त्या खात्यात माझं अकरा वर्षांचं लिखाण आहे!”

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्या शाळेत भूगोल शिकवायच्या. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी टेकडीवर जायच्या आणि कोणत्या झाडाला कधी फुलं आली, कधी शेंगा धरल्या, ते घरी येऊन टिपायच्या. कुठे? ई-मेलच्या ड्राफ्टमध्ये. कुणाला न पाठवता, एकाखाली एक. कॉम्प्युटर बिघडला, दुरुस्त होऊन आला, आणि आता खातं त्यांना ओळखत नव्हतं. जुन्या नंबरावरचा कोड दिल्याशिवाय आत घेत नव्हतं.

हे सगळं खरं असू शकत होतं. पण रचलेलंही असू शकत होतं. फसवणाऱ्याला काय माहीत नसेल? मला एकदम सोमवारचे मेसेज आठवले.

“वाचनालयाचं कोणतं पुस्तक तुमच्याकडे राहिलंय?”

मग स्फोट. “राहिलंय? माझ्याकडे? गवतांचं पुस्तक मी स्वतः नेऊन दिलंय! नोंद करायला यांचे हात दुखतात. अजून मेसेज पाठवतात?”

“दर सोमवारी.”

“आणि तू मला कळवलं नाहीस?”

“कसं कळवणार? तुमचा नंबर...”

“माझाच नंबर होता की तुझ्याकडे!”

एवढं खरं चिडणं प्रशिक्षणात कुणी दाखवलं नव्हतं. तरीही मी फोनवर कोड देणार नाही म्हणाले. समोर भेटून देईन, त्या वाचनालयात.

“म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नाही.”

“नाही,” मी म्हणाले. मोठ्या माणसाला असं सरळ मी पहिल्यांदाच म्हणत होते.

“बरं आहे. माझाही तुझ्यावर नाही. अकरा वाजता ये.”

आई म्हणाली, “अनोळखी माणसांना भेटायला कधीपासून लागलीस?” मी चप्पल घातली आणि सदाशिव पेठेतल्या आमच्या घरून चालतच गेले.

त्या माझ्या आधीच पोचल्या होत्या. बारीक, सुती साडी, पायात बूट, पिशवीत टॅबलेट. मी अजून दारातच होते, तेवढ्यात ग्रंथपाल त्यांना म्हणाले, “या बाई, आणलंत का पुस्तक?”

माझं काम तिथेच झालं होतं, बाई खऱ्या होत्या. पण बाईंचं झालं नव्हतं. हातातल्या फोनवरून मला ओळखून त्या म्हणाल्या, “चल. कपाट एकोणऐंशी.” मी भलत्याच कपाटाकडे वळले. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालंय, हे त्यांनी तेवढ्यावरून ओळखलं. “सेव्हंटी नाइन,” त्या कोरडेपणाने म्हणाल्या. पुस्तक तिथेच होतं, दुसऱ्या रांगेत, आडवं.

“कुणीतरी चुकून ठेवलं असेल,” ग्रंथपाल म्हणाले.

“कुणीतरी म्हणजे तुम्ही.”

मग आम्ही खिडकीजवळच्या टेबलाशी बसलो. “तिकडे बघ,” त्या म्हणाल्या, आणि पासवर्ड टाईप करायला लागल्या. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. त्यांनी सांगितलं नसतं तरी मी मान फिरवली असती, हे त्यांना सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही.

माझा फोन वाजला. सहा आकडे. खाली नेहमीचं वाक्य: कुणालाही सांगू नका. मी बोलले काहीच नाही. फोन त्यांच्यासमोर धरला. नवा चष्मा नाकावर सारत त्यांनी एकेक आकडा दाबला.

पान उघडायला वेळ लागत होता. बाईंचा हात पिशवीच्या बंदाला घट्ट धरून होता.

“आहे,” त्या शेवटी म्हणाल्या. “सगळं आहे.”

त्यांनी आधी नंबर बदलला. ‘हा क्रमांक खात्यातून काढण्यात आला आहे,’ असा मेसेज मला आला. त्या बाईंबद्दलचा माझ्याकडे आलेला हा शेवटचा मेसेज.

“लॅबचा रिपोर्ट आला होता,” मी म्हणाले. “मी उघडला नाही.”

बाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटतं, त्यांनी मला पहिल्यांदाच बघितलं. “उघडला असतास तरी साखरच दिसली असती,” त्या म्हणाल्या. “बस जरा.”

मग टॅबलेट माझ्याकडे वळवला, बाकीच्या पडद्यावर तळहात ठेवला आणि एकच ओळ उघडी ठेवली. मी ती वाचली: ‘पाण्याच्या टाकीमागचा पांगारा. आज पहिलं फूल. बघायला दुसरं कुणी नव्हतं.’