कडुलिंबाला टांगलेलं इंजिन

कोंडीराम मिस्त्रीला माणसांपेक्षा इंजिनं जास्त कळतात, असं त्याची बायको द्वारकाबाई म्हणायची, आणि बायकोच म्हणते म्हणजे ते खरंच असणार. परंड्याच्या आसपास कुणाचंही इंजिन बंद पडलं की निरोप त्यालाच. पण बहात्तरच्या दुष्काळात विहिरी आटल्या, पाण्याची इंजिनं गप्प झाली आणि मिस्त्री बेकार झाला. द्वारकाबाई दुष्काळी कामावर खडी फोडू लागली. तिच्या तळहाताचे फोड त्याला बघवत नसत.

अशात गावच्या जमीनदार आबारावांनी बोलावलं. निजामाच्या अमदानीतली मोटार म्हणजे त्यांचा जीव की प्राण. माणसांना प्यायला पाणी नव्हतं, तिथं रेडिएटरात कोण ओतणार? मालकांनी ती तशीच दामटली आणि इंजिन फुटलं. नशिबानं अगदी तसलंच इंजिन एका पिठाच्या गिरणीत सापडलं. गिरणीवाल्यानं मोडीतल्या मोटारीतून काढून त्यावर जातं फिरवलं होतं.

"मोटार पयल्यासारखी चालू दे," आबाराव म्हणाले, "साखर कारखान्याच्या वर्कशॉपात तुला चिकटवतो. पण जपून. असलं इंजिन आता मुलखात दुसरं न्हाय."

नोकरी लागली की द्वारकाबाईची खडी सुटणार होती. कोंडीराम कामाला लागला.

सकाळी आबारावांच्या अंगणातल्या कडुलिंबाच्या फांदीला साखळीची कप्पी टांगून त्यानं जुनं इंजिन बाहेर काढलं. फांदीवर पान नव्हतं. सगळा पाला लोकांनी शेळ्यांसाठी ओरबाडून नेलेला. त्या साली सगळ्याच झाडांची तीच गत, म्हणून कुणाला काही वाटलं नाही.

दुपारी गिरणीचं इंजिन उचललं. मोटारीची पुढची जाळी काढलेली होती, त्या वाटेनं ते आत सरकवलं. गिअरपेटीशी जोडायला थोडीच फट उरली. तिच्यात कोंडीरामचा पंजा जाईना. खाडा करून मदतीला आलेल्या द्वारकाबाईनं हात घातला आणि चाचपून गिअरपेटीचा दांडा इंजिनाच्या भोकासमोर आणला.

"जरा खाली सोडा," ती म्हणाली.

त्यानं साखळी ओढली, तसा मानेवर भुसा पडला. वर बघितलं तर फांदी बुंध्याशी उकलत होती. आत पांढरीफटक, कोरडी ठाक. सकाळच्या ओझ्यानंच ती तडकली असणार.

"हात काढ."

"बांगडी अडकलीया."

"कोंड्या, इंजिन धर," आबाराव ओरडले.

धरून धरणार किती? इंजिन तिथंच पडलं तर द्वारकाबाईचा हात गेला, बाहेर ढकललं तर नोकरी. साखळी सोडून कोंडीरामनं खांदा लावला आणि सगळं बळ एकवटून इंजिन पुढं लोटलं. त्याच झोक्याला फांदी मोडली. इंजिन मोटारीबाहेर फरशीवर आदळलं आणि उभं फुटलं. द्वारकाबाईचा हात मोकळा झाला होता. बांगडी तेवढी गेली.

आबाराव मटकन खाली बसले. द्वारकाबाई इंजिनाकडं बघत राहिली आणि मग नवऱ्यावरच उखडली.

"हात काय, म्हैन्याभरात बरा झाला असता. नोकरी परत येती व्हय?"

हात बरा झाला नसता, हे तिलाही ठाऊक होतं. मालकांदेखत बायकोचा हात धरायची रीत नव्हती, तरी कोंडीरामनं तो धरला आणि सोडलाच नाही.