भर दुपारी रडायचं नाटक

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा म्हणायचे. आमच्या भागात सुना असंच म्हणतात. तर या आत्यांना नाटकाचं वेड होतं. तेही कुठल्या नाटकाचं? ज्यात शेवटाला कुणीतरी हकनाक जातं, त्याचं. विनोदी नाटकाला त्या यायच्या, पण परत येताना तोंड पाडून.

"कसं व्हतं आत्या?"

"बरं व्हतं. पण रडू काय आलं नाय."

एवढं बोलल्या की समजायचं, नाटक पडलं.

त्यांची तयारी बघण्यासारखी असायची. नाटकाला जाताना सुती लुगडंच नेसायचं, कारण दुसऱ्या कापडात पाणी जिरत नाही. निघायच्या आधी घरातल्या माणसांना पुरून उरतील एवढ्या भाकरी थापून ठेवायच्या. मी लग्न होऊन नवीन आले होते तेव्हा विचारलं, एवढ्या कशाला? तर म्हणाल्या, "रडून आल्यावर लई भूक लागती. तुला कळंल."

माझं माहेर बोरी बुद्रुकचं. आम्ही यात्रेत ऑर्केस्ट्रा ऐकायचो आणि भेळ खायचो. पहिल्या वर्षी आत्यांच्या शेजारी बसून नाटक पाहिलं, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पडद्यावर रंगवलेल्या झाडाखाली एक म्हातारा मुलाच्या नावानं हाका मारत होता आणि इकडे आत्या हुंदके देऊन रडत होत्या. चार बाया आमच्याकडे वळून बघत होत्या. थोड्या वेळानं त्याही रडायला लागल्या. मामा मात्र बसल्या जागी घोरत होते. नाटक संपल्यावर आत्यांनी त्यांना कोपरानं ढोसलं. ते डोळे चोळत म्हणाले, "मेला का?"

"मेला."

"मग चला घरी."

घरी येऊन आत्यांनी पिठल्याशी दोन भाकरी खाल्ल्या आणि दुसऱ्या दिवशी अंघोळ केल्यासारख्या टवटवीत दिसल्या.

मामा गेले ते कांद्याच्या दिवसांत. आमच्या मळ्यात कांदा साठवायची बराख आहे. चार वाजता चहाला येतो म्हणून ते तिकडे गेले आणि तिथंच छातीत कळ येऊन खाली बसले. शेजारचा गडी पळत घरी आला. माझे यजमान तेव्हा टोमॅटो घेऊन नारायणगावच्या बाजाराला गेले होते. घरात मी आणि आत्या.

आत्या रडल्या नाहीत. त्या दिवशी नाही, दहाव्याला नाही, तेराव्यालाही नाही. येडगावहून त्यांच्या बहिणी आल्या, गळ्यात पडून रडल्या. आत्या त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "उगी. पाणी प्या." भेटायला येणाऱ्या बाया आपापसात कुजबुजायच्या, हिला रडवा, नाहीतर आतल्या आत काहीतरी होईल. एका मावशींनी तर मुद्दाम मामांच्या आठवणी काढून पाहिल्या. आत्यांनी त्यांना दुसरा चहा दिला.

पुढे त्यांचं बोलणं कमी झालं. मी आमटीत मीठ जास्त टाकलं तरी गप्प जेवायच्या, म्हणजे बघा. अर्धी भाकरी खाऊन ताट सरकवायच्या. टीव्ही बंद, लग्नकार्य बंद. मंचरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सगळं व्यवस्थित आहे म्हणाले. व्यवस्थित आहे ते आम्हालाही दिसत होतं, तीच तर काळजी होती.

आमच्या गावात यात्रेला हौशी मंडळी नाटक बसवतात. लिहायचं आणि बसवायचं काम माझ्या यजमानांकडे. त्या वर्षी त्यांनी दोन भावांची गोष्ट लिहिली. विहिरीच्या पाण्यावरून भावांचं भांडण होतं, बोलणं तुटतं, आणि धाकटा विहिरीत गाळ काढायला उतरलेला असताना दरड कोसळून मरतो. मंडळींनी कुरकुर केली. लोकांना हसायचंय राव, कशाला मारताय कुणाला? पण यजमान ऐकेनात. थोरल्या भावाचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. धाकट्याच्या बायकोचं काम त्यांच्या मित्राला दिलं. हा मित्र पिकअप चालवतो, आवाज भसाडा, मिशी अशी की लांबून आधी मिशी येते आणि मागून तो. नाटकासाठी मिशी काढायला तयार झाला, यातच त्याची कलेवरची निष्ठा दिसली.

तालमी संध्याकाळी आमच्या गोठ्यापुढच्या पडवीत चालायच्या. एकदा तो मृत्यूची बातमी ऐकण्याचा प्रसंग चालला होता. आत्या कडेला मेथी निवडत बसलेल्या. मित्रानं बातमी ऐकली, कपाळ बडवलं, जमिनीवर लोळण घेतली आणि असा हंबरडा फोडला की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

"ए, थांब रं," आत्या म्हणाल्या.

सगळे थांबले. कित्येक महिन्यांत त्या एवढ्या मोठ्यानं बोलल्या नव्हत्या.

"असं नाय रडत कोन."

मित्र उठून बसला. "मंग कसं रडत्यात काकू?"

आत्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "रडतच नाय. आधी गॅस बंद करत्यात." थोडं थांबून म्हणाल्या, "दूध तापत व्हतं. तो गडी दारात येऊन बोलला. मी गॅस बंद केला. मग झाकण सापडंना. म्हनलं उघड्या दुधात मांजर तोंड घालील. झाकण शोधलं, ठेवलं, मग गेले."

मी तिथं होते त्या दिवशी, मी पाहिलं होतं, पण मी ते विसरूनच गेले होते. यजमान कागदाकडे बघत उभे होते. मग म्हणाले, "आई, हे नाटकात घेऊ का?"

"घ्या की. माझं काय जातंय?" आणि पुन्हा मेथी निवडायला लागल्या.

मला मात्र राग आला. रात्रीच्या भाकरी करताना मी यजमानांना म्हटलं, "अहो, त्यांचं दुःख गावाला दाखवायचं का?"

ते चुलीपाशी पाटावर बसले. वडिलांना ते दादा म्हणायचे. म्हणाले, "अगं, मी तिथं नव्हतो. मी आलो तेव्हा दादांना अंगणात आणून ठेवलेलं होतं. घरात काय झालं ते मला आज कळलं."

मी पुढची भाकरी तव्यावर टाकली.

पूर्वी नाटकं रात्री व्हायची. आता उसाच्या कडेनं बिबट्या फिरतो, त्यामुळे अंधार पडायच्या आत सगळ्यांनी घरी पोचायचं म्हणून नाटक दुपारीच ठेवतात. देवळापुढे मांडव, वर कडक ऊन, आणि मांडवाच्या कापडातून सगळ्यांच्या तोंडावर पिवळा उजेड. मला वाटलं, अशा लख्ख उजेडात कोण रडणार? शेजारीण बघतेय म्हटल्यावर माणूस डोळ्यांतलं पाणी आत ढकलतो. आत्या यायला तयार नव्हत्याच. शेवटी म्हणाल्या, "चल, त्या येड्यानं मिशी काढल्यावर कसा दिसतोय ते बघू." लुगडं मात्र सुती नेसल्या नाहीत. मी ते पाहिलं.

सुरुवातीला पोरं हसली. मित्राच्या ओठावर हिरवट पट्टा दिसत होता आणि पदर सारखा घसरत होता. एकानं "वैनी!" म्हणून शिट्टीही मारली. पण भावांचं भांडण रंगलं तसं लोक गप्प झाले. बांधावरून, पाण्यावरून भावाशी अबोला धरलेली माणसं आमच्या गावात काही कमी नाहीत. ती सगळी मान खाली घालून बसली होती.

मग तो प्रसंग आला. स्टेजवर शेगडी, त्यावर दुधाचं पातेलं. थोरला भाऊ, म्हणजे माझे यजमान, दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "पोरी, तो गेला."

मित्रानं गॅस बंद केला. मग झाकणाकडे हात नेला, तर झाकण नाही. खरंच नाही. सामान आणताना आमच्याच पडवीत राहिलं होतं. त्यानं शेगडीच्या मागे पाहिलं. खाली वाकून पाहिलं. पदर सावरत इकडून तिकडे गेला, परत आला. त्याची अडचण झालेली मला कळली, पण लोकांना कुठं माहीत? त्यांना एवढंच दिसत होतं की एक बाई नवरा गेल्याचं ऐकून झाकण शोधतेय आणि तिला ते सापडत नाहीये.

आणि माझ्या शेजारून आत्या मोठ्यानं म्हणाल्या, "ताटली ठेव रं! ताटली!"

त्यानं ताटली उचलली आणि पातेल्यावर ठेवली. मग हात तसाच ताटलीवर ठेवून तो हळूच खाली बसला.

आत्यांच्या घशातून एक आवाज आला. मला आधी वाटलं, ठसका लागला. मग त्या रडायला लागल्या. पदर डोळ्यांना नाही, तोंडाला नाही, हात मांडीवर तसेच ठेवून, पोटातून. मी त्यांचा हात धरला आणि बघते तर माझेही डोळे वाहतायत. मागून कुणीतरी हुंदका दिला. पुढच्या रांगेतला एक पैलवान गडी टोपीनं नाक पुसत होता. शिट्टी मारणारा पोरगा बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं खाली वाकला होता, आणि त्याच्या पायात चपला होत्या. त्या लख्ख उजेडात कुणाला कुणाकडे बघायला सवडच नव्हती. यजमानांचं पुढचं भाषण होतं, चांगलं पानभर. ते एक अक्षर बोलले नाहीत. खांद्यावरच्या टॉवेलात तोंड घालून उभे राहिले, आणि नाटक पुढं सरकेपर्यंत लोकांनी त्यांना तसं उभं राहू दिलं.

नाटक संपल्यावर मांडवात एक गंमत झाली. सगळे भलतेच बोलके झाले. बाया एकमेकींचे डोळे बघून हसत होत्या. भेळेच्या गाडीवर ही झुंबड उडाली. आत्या नाक ओढत म्हणाल्या, "भूक लागली गं." आम्ही भेळ घेतली. मग भजी घेतली. त्या खाता खाता मध्येच परत रडल्या आणि परत खाल्ल्या.

मित्र साडीवरच खाली आला. आत्यांच्या पाया पडला. "काकू, तुमी वाचवलंत."

"पदर नीट घे आधी," त्या म्हणाल्या. "आन् शेवटाला लई वेळ काढलास. ती बाई एवढी बोलंल का?"

घरी जाताना दिवस मावळत होता. उसाच्या कडेनं आम्ही मोठमोठ्यानं बोलत चाललो होतो, बिबट्यानं ऐकावं म्हणून. आत्याच सगळ्यात जास्त बोलत होत्या. मामा येडगावला त्यांना बघायला आले तेव्हा चहाच्या कपात बिस्कीट कसं बुडालं आणि ते बोटानं काढताना कसे पकडले गेले, ते त्यांनी सांगितलं. ही गोष्ट यजमानांनीही कधी ऐकली नव्हती. ते मधेच थांबून विचारत होते, "मग? मग काय म्हणाले दादा?" आणि आत्या सांगत होत्या.

पुढचे काही दिवस त्या रडायच्या. कांदा निवडताना, देवापुढे, कधी उगाच. कुणी काही म्हणायचं नाही. आमटीत मीठ जास्त झालं की मला बोलायला लागल्या, आणि मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू!

मित्राची मिशी परत वाढली आहे. पण मंचरच्या बाजारात तो पिकअपमधून उतरला की कुणीतरी हमखास हाक मारतं, "काय वैनी, दूध झाकलं का?" तोही पदर सावरल्यासारखं करून दाखवतो. यंदाच्या नाटकात त्याला पोलिसाचं काम हवंय. आत्या म्हणतात, देऊ नका.