आज्जीची चांदीची बटणं

परवा अणदूरला मावशीकडं गेले होते... आणि वीस वर्षं शिलाई करणाऱ्या माझी चांगलीच जिरली!

मागच्या वर्षी मावशीला अर्धांगाचा झटका आला. बोलणं-चालणं सावरलं, पण उजव्या हातात जोर नाही. साडी ती कशीबशी नेसते, ब्लाउजचे हुक मात्र रोज सूनबाई लावून देते. सून गुणी आहे हो, पण मावशीला मेल्याहून मेल्यासारखं होतं. त्यापायी तिनं बाहेर पडणंच सोडलं.

मी तोऱ्यात वेल्क्रोचा ब्लाउज शिवून नेला होता. साडीचे धागे त्यात अडकले आणि तो तासाभरात खुंटीवर गेला.

मग मावशीनंच डबीतून तिच्या आईची चांदीची बटणं काढली. हरभऱ्याएवढी चार बटणं, बारीक साखळीनं एकमेकांना जोडलेली. आज्जी ती पुढून उघडणाऱ्या झंपरला लावायची. मी लगेच सुईत दोरा ओवला... पण बटणांना टाका घालायला भोकच सापडेना!

मावशी हसून बेजार. "अगं, ही शिवत न्हाईत! दोन्हीकडं काजं कर. धुताना काढायची, परत घालायची. एवढं बी ठावं न्हाय व्हय तुला?"

नव्हतं ठाऊक! खुंटीवरचा तोच ब्लाउज घेतला आणि वेल्क्रो उसवून काढलं. खालच्या पट्टीची काजं घट्ट केली, म्हणजे बटणं त्यात अडकून राहतील. वरच्या पट्टीची सैल ठेवली, एका हातानं चढवता यावीत म्हणून.

मावशीनं आत जाऊन दार लोटलं. सून उठायला लागली, तिला मी धरून बसवलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली... आत मावशी स्वतःवरच चिडत होती.

बाहेर आली ती घामाघूम, पण चारही बटणं लागलेली! सुनेला म्हणाली, "उद्यापास्नं माझ्यासाठी थांबू नगंस. आन भजनाच्या बायांना सांग, मंगळवारी मी येतीय."

सून पदराआड रडली, मी उघड उघड.

आज सकाळी सूनबाईचा फोन आला. तिला जाग येण्याआधीच मावशी आवरून ओट्यावर बसली होती म्हणे, आणि अजून तीन झंपर हवेत. दुकानातली बाकीची कामं बाजूला सारून मी काजं करत बसलेय... इतक्या आनंदानं आजवर एकही काम केलेलं नाही.