राणूला हळदीकुंकवाचं बोलावणं

तुम्ही आपली माणसं म्हणून सांगते. पण आधी चहाचा कप खाली ठेवा. आमच्या जाऊबाईंनी कप हातात धरून ऐकलं आणि नव्या साडीची वाट लावून घेतली. माझ्या हातून जो घोटाळा झाला तो व्रताच्या दिवशी झाला, देवीसमोर झाला आणि तीसेक बायकांच्या साक्षीनं झाला. नाकबूल करायची सोयच नाही!

राणू तुम्हाला माहीत असेलच. नसेल तर फोन तरी कशाला बाळगता?

राणू म्हणजे कागलकडच्या एका खेड्यातली सून. माहेर लांब, आईला वाचता येत नाही. मग ही काय करायची, चुलीपुढं बसून फोनवर स्वतःचा व्हिडिओ काढायची आणि आईला पाठवायची. "काय आई, जेवलीस का? आज आमटी केलीया बघ. कट कसा आलाय!" एक दिवस नणंदेनं तो व्हिडिओ सगळ्या जगाला दिसेल असा टाकला, आणि जे व्हायचं ते झालं.

मी बघायला लागले तेव्हा मागं पत्र्याचं घर दिसायचं. सासरा मागून ओरडायचा, "फोनसंगं काय बोलतीस? येडी झालीस का काय?" आता पत्र्याच्या जागी स्लॅब आलाय. दारात लाल गाडी, भिंतीवर बघणारे लाखावर गेले म्हणून बक्षीस मिळालेली चांदीची पाटी. मसालेवाले, मिक्सरवाले तिच्या अंगणात ताटकळतात. आणि तोच सासरा व्हिडिओला उजेड हवा म्हणून दिवा धरून तिच्यासमोर उभा असतो, तोंडातून ब्र न काढता! पण पोरगी बदलली नाही हो. रोज रात्री आठला पहिलं वाक्य तेच. "काय आई, जेवलीस का?"

आणि मी इकडं राजारामपुरीत, दुसऱ्या मजल्यावर, गॅसपाशी उभी राहून उत्तर द्यायची, "जेवते गं बाई. हे दुकानातनं यायचेत अजून."

आता हसू नका. माझी स्वतःची लेक, मधुरा, गणपती झाले आणि जर्मनीला गेली. नोकरी लागली म्हणून गेली, चांगल्यासाठीच गेली. पण निघायच्या दिवशी माझी जीभ घसरली. मी, जी कधी कुत्र्यालासुद्धा हाड म्हणत नाही, ती म्हणून गेले, "एवढ्या लांब जायचंच असेल तर मला फोनसुद्धा करू नकोस!"

तिनं ऐकलं. खरंच केला नाही. बापाला करायची, दुकानात. मला नाही. मी बोलले होते तर फोन मीच करायचा, हे कळत होतं मला. रोज तिच्या नावावर बोट न्यायची आणि तिथूनच परत आणायची. आईपणाचा ताठा की काय म्हणतात तो हाच.

म्हणून मार्गशीर्षातल्या गुरुवारचं व्रत धरताना देवीला एवढंच म्हटलं, "आई, सोनं नको, नाणं नको. माझ्या पोरीनं आपणहून एक फोन करावा."

दुसऱ्या गुरुवारी हे जेवताना म्हणाले, "अगं, मधुरा तुला फोन करतो म्हणाली हाय."

"म्हणायला काय जातंय? आलाय का एकदा तरी?"

"आता म्हणाली ती मला!"

"तुम्हाला म्हणाली. मला न्हाय."

संपला विषय. मी फोन घेऊन राणूकडं. तिथंही हल्ली सुख नव्हतं. मार्गशीर्ष लागल्यापासून जाहिराती फार वाढल्या होत्या. राणूनं कढईत फोडणी टाकावी आणि नेमकी तेव्हाच वरनं एक पट्टी यावी, तिच्या कपाळावर! त्यात काहीतरी हिरवं, काहीतरी लाल. चष्मा मी पोथीपुरताच लावते. मी आपली पट्टी बोटानं वर ढकलायची. सवयच झाली होती, डास मारावा तशी.

तर, शेवटचा गुरुवार जवळ आला. उद्यापनाला सात सवाष्णी बोलवायच्या, हळदीकुंकू, फळ आणि व्रताची पोथी द्यायची. सहा ठरल्या. सातवी? मनात आलं, राणू! रोज विचारते ती आपल्याला जेवलीस का म्हणून. एकदा तिला जेवायला घालू.

व्हिडिओखाली लिहायची जागा असते ना, तिथं मी रीतसर लिहिलं. 'चि. सौ. राणू हिस अनेक उत्तम आशीर्वाद. गुरुवारी आमच्या घरी उद्यापन योजिले आहे.' मग पत्ता. खाली दातांचा दवाखाना, जिन्यात रांगोळी, दुसरा मजला. आणि शेवटी आपल्याकडं लिहितात ते, 'तरी सहकुटुंब, सहपरिवार, मित्रमंडळींसह येऊन समारंभाची शोभा वाढवावी.'

मला काय माहीत ते पत्र नव्हे, चौकातला फळा आहे म्हणून? मला वाटलं, तिच्या व्हिडिओखाली लिहिलं ते तिलाच जाणार!

दुसऱ्या दिवशी उत्तर. 'आई, तुमचा आशीर्वाद असू दे. नक्की येणार.' खाली हात जोडलेले. मी तर हवेतच! ह्यांना दाखवलं.

"अगं, ती सगळ्यांनाच असं लिहीत असंल. आणि ती गाडी आपल्या बोळात वळंल का?"

"गाडी वळली नाही तर चालत येईल. खेड्यातली पोर आहे ती."

गुरुवारी पाचला बेल वाजली. दारात एक ठेंगणी म्हातारी, हातात पिशवी. "नेसरीहून आलोय. दोन एसट्या बदलल्या. राणू आली का?"

मला वाटलं, राणूची नातेवाईक. सहपरिवार लिहिलं होतं ना! "या आक्का, या. बसा." तोवर आणखी दोघी. मग चौघी. एक कागलची, नवऱ्याला खाली मोटारसायकलवर बसवून आलेली. सहापर्यंत जिना भरला. दवाखान्यातली नर्स वर येऊन म्हणाली, "काकू, आमचे पेशंट तुमच्या लायनीत उभारलेत. एकजण दाढ दुखतीया म्हणून आला आणि हळदीकुंकू लावून घेऊन गेला!"

हे केळी आणायला तीनदा पळाले. तिसऱ्यांदा धापा टाकत म्हणाले, "केळीवाला विचारतोय, लगीन हाय व्हय पावणं?" पोथ्या सातच. मग एकेक पोथी चौघींत. पुरणपोळीचे चतकोर झाले. चतकोराचे पुन्हा दोन झाले. आणि राणूचा पत्ता नाही!

शेवटी आक्कांनी सोक्षमोक्ष लावला. "कुठाय ती? रोज माझ्यासंगं बोलती. येतो म्हटलीया."

"तुमच्यासंगं?" कागलची उसळली. "अवो, माझ्यासंगं बोलती ती! रोज इचारती, जेवलीस का."

"तुला कशाला इचारंल? तुझ्याकडं बघून कळतंय की जेवलीस म्हणून!"

हशा झाला. मग एकेकीनं सांगितलं. आक्कांचा मुलगा गुजरातेत, दोन वर्षांत आला नाही. कागलच्या बाईचं पोरगं पुण्याच्या होस्टेलात, फोन केला की 'मीटिंगमध्ये आहे' म्हणतं. कॉलेजातलं पोर, त्याला कसली मीटिंग? कुणाची लेक बंगळूरला, कुणाचा लेक जहाजावर. आणि रात्री आठला या सगळ्या जणी आपापल्या स्वयंपाकघरात उभ्या राहून एकाच पोरीला उत्तर देत होत्या. मी उगीच समईची वात सारली.

"आठ वाजलं," आक्का म्हणाल्या.

मी फोन देवीपुढच्या कलशाला टेकवून ठेवला. सगळ्या पुढं सरकल्या. राणू आली. हातात परडी, मागं नवी फरशी. "काय आई, जेवलीस का?"

"न्हाऽऽय अजून!" तीस बायका एका सुरात! खाली दवाखान्यात कुणाचा तरी दात तेवढ्यानंच पडला असणार.

आणि तेवढ्यात आली ती पट्टी. मी सराईतपणे बोट पुढं केलं आणि दिली वर ढकलून.

"अवो!" आक्का ओरडल्या. "काय केलासा?"

"जाहिरात आहे हो. रोज येते."

"जाहिरातीत ही भिंतीवरच्या फोटूतली पोरगी कशी?"

भिंतीवर मधुराचा पदवी घेतानाचा फोटो. मी पोथीजवळचा चष्मा चाचपायला लागले.

पट्टी पुन्हा आली. या वेळी आक्कांनी माझा हात घट्ट धरला आणि कागलच्या बाईनं हिरव्यावर बोट ठेवलं. फोनभर मधुरा! गळ्याला मफलर, मागं पांढरं आभाळ, हातात कागदी कप. आणि डोळे? माझ्या आईचे. भरायला लागले की मोठे होणारे.

"आई! घेतलास एकदाचा! महिना होत आला, रोज चहाच्या सुट्टीत करतेय. तू रोज कापतेस. मला वाटलं, तुझा राग जातच नाही."

अहो, पहिल्या गुरुवारी पोथी वाचताना मी फोनचं तोंड बंद केलं होतं, ते आजतागायत उघडलं नव्हतं! राणूचा आवाज तेवढा यायचा, तो कसा ते मला विचारू नका. म्हणजे देवी पहिल्या गुरुवारपासून रोज आठला माझं मागणं हातात देत होती, आणि मी जाहिरात म्हणून परत पाठवत होते!

काय काय बोलायचं होतं. चुकले म्हणायचं होतं. थंडी आहे का, टोपी घालतेस का, विचारायचं होतं. आणि मी आपली पदरानं फोनची काच पुसत बसले. तीस बायका श्वास धरून बसलेल्या. ह्यांच्या हातात केळ्यांचा घड तसाच.

शेवटी तीच बोलली, अगदी हळू. "आई, जेवलीस का?"

आणि माझ्या तोंडून, काही सुचायच्या आत, सवयीनं निघालं, "जेवते गं, राणू!"

मधुराचा कागदी कप तोंडापाशीच राहिला.

"आई," मधुरा म्हणाली, "ही राणू कोण?"