आधी बसलेल्यांनी सरकायचं

माझे वडील मंचर ते निरगुडसर वडापची जीप चालवायचे. क्लच आणि ब्रेक सोडले तर इंग्रजीतला एकच शब्द त्यांच्या तोंडी असायचा, अ‍ॅडजस्ट, आणि त्या एका शब्दावर त्यांनी सगळा धंदा रेटला. जीप भरली असं त्यांना कधी वाटायचंच नाही. पुढच्या सीटवर चौघं बसली, की ते स्वतः अर्धे दाराबाहेर लटकून स्टिअरिंग धरायचे. मागे कोणी कुरकुरलं तर म्हणायचे, मी भाईर आलोय, तुमाला नुसतं सरकायचं हाय.

आईनं तो शब्द घरात आणला. भाजीत मीठ कमी पडलंय, अ‍ॅडजस्ट कर. धाकटीला ताप आहे, तुझी सहल राहू दे, अ‍ॅडजस्ट कर. जीपमध्ये तो सगळ्यांना लागू असायचा, घरात मात्र माझ्या एकटीच्या वाट्याला यायचा. याचा मला फार राग यायचा. अजूनही थोडा येतो.

पुढे महाळुंगे पडवळच्या शाळेत मला शिक्षिकेची नोकरी लागली आणि चार महिन्यांत पेठचे पाहुणे बघायला आले. पोहे झाले, चहा झाला. मग मुलाची आई गोडीनं म्हणाली, की सकाळी आमच्याकडे दहा माणसांचा स्वयंपाक असतो, नोकरी काही जमायची नाही, मुलगी तेवढं अ‍ॅडजस्ट करून घेईल ना? माझी आई मान हलवायच्या बेतातच होती. मुलगा बरा होता, पण नोकरी मला त्याच्याहून जास्त आवडत होती.

वडिलांनी कपबशी खाली ठेवली.

"आमच्या जीपमदी नवीन माणूस चढला, की आदी बसल्याली सरकत्यात. तुमच्याकडं कोण सरकणार हाय?"

सोयरीक मोडलीच, अशा नजरेनं आई वडिलांकडे बघत राहिली. इतका वेळ पंख्याकडे बघत बसलेला मुलगा तेव्हा पहिल्यांदा बोलला.

"सकाळचं मी बघतो."

सासूबाईंना ते पचायला बरीच वर्षं लागली. हे मात्र अजून बघतात, चहापासून माझ्या डब्यापर्यंत. चहात आलं इतकं घालतात, की घसा जळतो. मी अ‍ॅडजस्ट करते.