लिफ्टच्या पॅनेलला दिलेला रंग

आश्विन शुद्ध एकादशी, सकाळी सव्वादहा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काळाचौकीच्या आमच्या इमारतीची लिफ्ट बाराव्या आणि अकराव्या मजल्यांच्या मध्ये थांबली. आत माझी पत्नी एकटी होती. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचे टाके काढून घेण्यासाठी आम्ही परळला निघालो होतो. ती सावकाश चालते, म्हणून पुढे गेली. मी दाराला कुलूप लावत होतो.

चाळ पाडून ही इमारत उभी राहिली तेव्हापासून आम्ही सर्वांत वरच्या, चौदाव्या मजल्यावर राहतो. लिफ्टची यंत्रखोली गच्चीवर आहे. लिफ्ट अडकल्याचे कळताच मी तिकडे धावलो. जिना चढत असतानाच मला धक्क्याचा आवाज आणि पाठोपाठ पत्नीची किंकाळी ऐकू आली. गच्चीवरच काम करणारा वॉचमन माझ्या आधी तिथे पोहोचला होता. त्याने यंत्र बंद करून चालू केले होते. लिफ्ट हातभर खाली सरकून आदळल्यासारखी थांबली होती.

"परत रिसेट मारू का, काका?"

"हात लावू नकोस."

एवढ्यात सोसायटीचा सेक्रेटरी धापा टाकत आला. चाळीपासूनचा माझा शेजारी. गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांचा मुकादम, होता.

"अरे, वैनी आत असत! मारूंदे तेका रिसेट. कंपनीचो माणूस येवक दोन तास लागतले."

"नाही."

माझी सगळी नोकरी विजेची कंट्रोल पॅनेल जोडण्यात गेली. पॅनेलच्या पडद्यावर दिसणारा दोष मला वाचता येत होता: मोटरचा वेग मोजणाऱ्या उपकरणाकडून येणारे संकेत चुकत होते. स्वतःचा वेग न कळणारी मोटर, पत्नी आत असताना, मी पुन्हा चालू होऊ देणार नव्हतो. मी मुख्य स्विच खाली केला. त्याबरोबर लिफ्टमधला पंखा थांबला आणि दिवा गेला. वीज गेल्यावर लागायच्या दिव्याची बॅटरी संपलेली आहे, हे तेव्हा कळले.

"अहो! दिवा गेला!" दोर ज्या फटीतून खाली उतरतात तिथून तिचा आवाज आला.

मी वाकून ओरडलो, "मी घालवला. दारापासून लांब हो. कठडा धर. हाताने वर घेतो आहोत."

"जन्मभर लोकांचे दिवे लावलेत आणि माझाच घालवलात?"

ती टोमणे मारते आहे, एवढे मला पुरेसे होते.

वॉचमनला या कामाचे शिक्षण मिळालेले होते. त्याने ब्रेकची दांडी धरली, शेजाऱ्याने मोटरचे चाक. ब्रेक क्षणभर जास्त सैल राहिला तर लिफ्ट आपोआप वेग घेते. म्हणून मी "सोड" म्हणताच वॉचमन ब्रेक सैल करी, चाक थोडे फिरे, आणि मी "धर" म्हणत असे. सोड. धर. सोड. एकदा चाक शेजाऱ्याच्या हातातून निसटले आणि वॉचमनने न सांगता ब्रेक लावला. दोरावरची बाराव्या मजल्याची खूण जुळली आणि वॉचमनने ब्रेक लावून ठेवला. मग खालून, बाराव्या मजल्यावरच्या एका बाईंची हाक आली, "आल्या! बाहेर आल्या!"

मी पॅनेलचे दार उघडले. ताज्या रंगाचा वास आला. आतला मागचा पत्रा राखाडी रंगाने चकचकत होता.

"हे कोणी केले?"

"मिया. गंज इल्लो. गिरणीत दसऱ्याक मशीन रंगवल्याशिवाय पूजा होय नाय."

"केबल धरणारे क्लॅम्प काढून त्यांच्या खालीसुद्धा?"

"मगे! अर्धवट काम करूचो नाय मिया."

वेगाचे संकेत आणणाऱ्या केबलवर तांब्याची जाळी असते. मोटरच्या मोठ्या तारांमधून उठणारी विजेची खळबळ त्या जाळीने झेलायची आणि अर्थिंगला पोहोचवायची. त्यासाठी जाळी क्लॅम्पने उघड्या पत्र्यावर दाबून बसवतात. मध्ये रंग आला की जाळी असून नसल्यासारखी. रंग दिल्यापासून लिफ्ट हिसके देत होती; आम्ही सर्वांनी ते त्याच सुमारास घातलेल्या नव्या ग्रीसवर ढकलले होते. मोटरच्या अर्थिंगच्या बोल्टाखालीही तोच रंग होता. मोटरमध्ये वीज उतरली असती, तर तिला हात लावणारा वाचला नसता.

मी घरून मीटर आणला; जोड असला की तो वाजतो. त्याचे एक टोक जाळीला लावले, दुसरे अर्थिंगच्या पट्टीला. मीटर वाजला नाही. रंग खरवडून पुन्हा लावले. वाजला.

शेजाऱ्याने खरवडलेल्या जागेवर बोट फिरवले. "म्हणजे वैनी माझ्यामुळे…"

"पॉलिश पेपर आण."

त्याने आणला. प्रत्येक क्लॅम्पखालचा आणि अर्थिंगच्या बोल्टाखालचा पत्रा त्याने स्वतः घासून उघडा केला. मी मागे उभा राहून तपासत गेलो.

दुपारी कंपनीचा मेकॅनिक आला. त्याने आमचे काम तपासले, रिकामी लिफ्ट सर्व मजल्यांवर फिरवली आणि वापरायला हरकत नाही असे सांगितले. पत्नी बाराव्या मजल्यावर त्या बाईंच्या घरी बसली होती. जिना तिला चढवत नव्हता. लिफ्टमध्ये पाऊल टाकायला ती तयार नव्हती.

"वैनी, पयलो मी बसतंय," शेजारी म्हणाला. तो एकटाच तळमजल्यापर्यंत गेला आणि परत वर आला. तोवर ती दारावरचे आकडे वाचत होती. दार उघडल्यावर त्याला म्हणाली, "भावोजी, पुढच्या दसऱ्याला मला रंगवा. लिफ्टला नको."

मग ती आत शिरली. मी तिच्या शेजारी उभा राहिलो. वर पोहोचेपर्यंत तिने माझी बाही सोडली नाही.

घरी येऊन मी डॉक्टरांना फोन केला आणि टाके काढण्यासाठी दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली.