तीन जिन्यांचा कंटाळा

आमच्या दुकानात तिला सगळे अर्धीताई म्हणायचे. नवीन माणसाला वाटायचं, बाई डोक्यानं अर्धवट असेल. तसं काही नव्हतं. डोक्यानं ती आम्हा सगळ्यांपेक्षा पूर्ण होती, अर्धा असायचा तो चेहरा. सकाळी दुकान उघडलं की ती फक्त डाव्या बाजूला फाउंडेशन लावायची आणि उजवी बाजू नुसती धुतलेली ठेवायची. मग संध्याकाळपर्यंत त्याच तोंडानं काउंटरवर उभी. तिची त्वचा इतकी तेलकट, की दुपारपर्यंत उजव्या गालावर ट्यूबलाइट दिसायची. ती गिऱ्हाइकांना म्हणायची, "कंपनीचं ऐकू नका, माझ्या तोंडाकडे बघा. इकडे लावलंय, इकडे नाही."

मी तिच्या हाताखाली लागले तेव्हा मेकअप म्हणजे थापणं, एवढंच मला ठाऊक होतं. "भिंतीला गिलावा करतेस का गं?" असं तिनं पहिल्याच दिवशी विचारलं. तेलकट चेहऱ्याला जाड क्रीम म्हणजे आगीत तेल, हे तिचं ठरलेलं वाक्य. पातळ, बिनतेलाचं घ्यायचं. वाटाण्याएवढा थेंब हाताच्या पाठीवर काढायचा, ओल्या स्पंजनं नुसता टेकवायचा, तोही जिथे चमकतं तिथेच. बाकीचा चेहरा देवानं दिलाय तसा राहू द्यायचा. आणि रंग बघायचा तो दुकानाच्या दारात, उजेडात. आतल्या दिव्यांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

विश्वास होता तो स्वतःच्या बोटांवर. नवीन बाटली आली की थेंबभर अंगठ्यानं आणि बोटानं चोळायची आणि सांगायची, "हे चार तासांत वितळेल," किंवा "हे भोकं बुजवेल, पुटकुळ्या येतील." दहातल्या दहा वेळा खरं व्हायचं. ज्यांना पुटकुळ्यांचा त्रास होता त्यांना ती पहिल्या दिवशी बाटली देतच नसे. "पंधरा दिवस रोज ये, टेस्टरमधलं लाव. काही उठलं नाही तर मग घे." टेस्टर म्हणजे सगळ्यांनी लावून बघावं म्हणून काउंटरवर उघडी ठेवलेली बाटली. आमचे साहेब डोक्याला हात लावायचे. पण तिनं निवडलेली बाटली आजवर कुणी परत आणली नव्हती, त्यामुळे तिच्या वाटेला कोणी जात नसे.

अशीच एक मुलगी यायला लागली. बसच्या तिकीट खिडकीवर नवीन लागली होती. काचेमागे, डोक्यावर दिवा, आणि चेहरा असा तेलकट की रांगेतले टवाळ म्हणत, खिडकीत दोन दिवे लावलेत. सांगताना ती हसली, पण डोळे भरले होते. ताईनं तिला दारात नेऊन नीट न्याहाळलं आणि एक पातळ, पाण्यावर केलेलं फाउंडेशन निवडलं. मुलगी रोज कामावर जाता जाता यायची, ताई स्वतः तिला लावायची आणि तेच आपल्या डाव्या गालाला लावायची. "तुला काही झालं तर मलाही होईल, काळजी करू नकोस."

पाचव्या दिवशी टेस्टर संपला. रिकामी बाटली माझ्या हातात देऊन ताई म्हणाली, "जा गं, वरून नवीन आणून यात भर." कोठीची खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. मी पहिल्या जिन्यापर्यंत गेले आणि मला कंटाळा आला. खोटं कशाला सांगू, दुसरं काही कारण नव्हतं. पाय दुखत नव्हते, कुणी हाक मारली नव्हती. आमच्या खणात टोपण फुटलेली एक बाटली पडून होती. कंपनी तीच, रंग तोच, फक्त कोरड्या त्वचेसाठीची, म्हणजे तेल असलेली. मी जिन्याखाली दहा मिनिटं काढली, मागच्या बाजूनं येऊन ती बाटली टेस्टरमध्ये ओतली आणि वर जाऊन आल्यासारखी धापा टाकत पुढे ठेवली. तेवढं नाटक मात्र मला छान जमलं.

ताईनं थेंब चोळला आणि थांबली. "आज जड लागतंय गं."

तेव्हा बोलले असते तरी दोन शिव्या खाऊन सुटले असते. पण मी म्हणाले, "बाटली तीच आहे ताई. तुमच्या बोटांना वाटत असेल."

तिनं परत चोळून बघितलं. मग स्वतःशीच म्हणाली, "असेल बाई. वय झालं." आणि लावलं. आधी मुलीला, मग स्वतःला.

पुढच्या आठवड्यात ती मुलगी तोंडाला ओढणी बांधून आली. गाल, हनुवटी, सगळीकडे लाल पुटकुळ्या. भांडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "ताई, तुम्ही म्हणालात म्हणून मी लावलं." ताईच्या डाव्या गालावरही तेच उठलं होतं. तिनं मुलीचा हात धरला आणि म्हणाली, "चूक माझी. माझी बोटं गेली." मी शेजारी उभी राहून आरसा पुसत होते. स्वच्छच होता, तरी पुसत होते. मूग गिळून बसणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. दुपारी ताई डबा खायला गेली आणि मी ती बाटली कचऱ्यात टाकली.

ताईनं साहेबांना सांगून वरच्या मजल्यावर पिशव्यांच्या विभागात बदली मागून घेतली. त्यांनी समजावलं, तिनं ऐकलं नाही. पूर्ण धुतलेल्या चेहऱ्यानं ती पिशव्यांच्या चेन उघडून दाखवू लागली, लोक मात्र अर्धीताईच म्हणत राहिले. जुनी गिऱ्हाइकं तिला शोधत जायची. ती म्हणायची, "मला त्यातलं आता काही कळत नाही. खाली आमची ती आहे ना, तिला विचारा. तिची नजर चांगली आहे." 'ती' म्हणजे मी. बायका माझ्याकडे येऊन हे कौतुकानं सांगत आणि मी तिनंच शिकवलेलं तिच्याच शब्दांत त्यांना ऐकवी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, ताई जिन्यावर भेटली की मी चपलेचा पट्टा नीट करायला वाकायचे.

सहा वर्षं गेली. ताई नोकरीतून मोकळी झाली. गेल्या महिन्यात तिचा निरोप आला. लेकीला पहिली नोकरी लागली होती, त्वचा आईवरच गेली होती, तर घरी येऊन तिला काहीतरी हलकंसं निवडून दे.

मी चार बाटल्या घेऊन गेले. दोन खोल्यांचं घर, खिडकीजवळ खुर्ची आधीच मांडलेली, उजेडाकडे तोंड करून. लेक येऊन बसली. ताई मागे हात बांधून उभी राहिली, शिकायला आल्यासारखी. "मी हात लावणार नाही हं," ती म्हणाली. "मागे एका पोरीचं तोंड बिघडवलं मी."

माझ्या हातातला स्पंज ओला होता, त्याचं पाणी माझ्या मांडीवर ठिबकत होतं. मी सगळं सांगून टाकलं. लिफ्ट, जिना, फुटकं टोपण, सगळं. लेक माझ्याकडे बघत राहिली. ती काय बघत होती ते विचारायची माझी छाती नव्हती.

ताईनं मागे बांधलेले हात सोडले आणि अंगठा बोटावर चोळला. मग म्हणाली, "म्हणजे जड होतं ते."

"हो ताई."

ती आतल्या खोलीच्या दाराशी गेली. "अहो, ऐकलंत का? ते जड होतं. माझं बरोबर होतं." यजमान आतून काहीतरी म्हणाले. ती हसत परत आली, अगदी शाळेत पहिला नंबर आल्यासारखी. तिनं मला थोबाडीत मारली असती तर मी ती आनंदानं खाल्ली असती. हे हसू मला बघवत नव्हतं.

"तीन जिन्यांसाठी?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य. "अगं, मला सांगायचंस. मी गेले असते."

मग ती हात धुऊन आली. माझ्याकडून स्पंज घेतला, पिळला. चारही बाटल्यांतला थेंब थेंब चोळून बघितला आणि तिसरी बाजूला काढली. मी मनात तीच ठरवून आले होते. हाताच्या पाठीवर वाटाण्याएवढा थेंब काढून ती लेकीसमोर वाकली. स्पंज गालाजवळ नेला आणि तसाच धरून ठेवला. लेक डोळे मिटून वाट बघत होती.

ताईनं थेंबाचा हात माझ्यापुढे केला.

"बघ बरं जरा," ती म्हणाली. "हलकं आहे ना हे?"